पिठावरचं पाऊल

रांग पहिल्या मजल्यावरून जिन्यानं खाली उतरली होती आणि पार्किंगमध्ये दोन वळसे घेऊन गेटबाहेरच्या नारळवाल्यापर्यंत पोचली होती. कुणाच्या हातात हार, कुणाच्या कडेवर पोर. "शेठचं पाऊल उमटलंय. पिठावर, निळं निळं," माझ्या पुढची बाई माझ्या मागच्या बाईला सांगत होती. मध्ये मी उभी, त्यामुळे मला ते दोनदा ऐकावं लागलं, कारण मागच्या बाईला पहिल्यांदा पटलं नव्हतं. दुसऱ्यांदा पटलं.

मी दर्शनाला आले नव्हते. मी राजेश्वरी. राहते नेरूळला, मूळची साताऱ्याकडची, आणि अठरा वर्षं झाली, लोकांच्या घरी जाऊन त्यांचे गालिचे, सोफे, गाद्या धुते. ज्या गालिच्यावर पाऊल उमटलं म्हणून अख्खं उलवे लोटलं होतं, तो गालिचा चार दिवसांपूर्वीच मी धुतला होता. आदल्या संध्याकाळी त्या घरच्या सुनेचा, नमिताचा फोन आला होता.

"ताई, एकदा येऊन बघा ना. डागातलं तुमाला कळतं. मी दुसऱ्या कोनाला विचारू?"

आवाज असा होता की नाही म्हणवेना. म्हणून सोमवारी सकाळी मी रांगेत उभी होते.

पंढरीशेठ म्हणजे नमिताचे सासरे. जुने शेतकरी. जमीन गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली, भाडेकरू आले, आणि मुलानं, कुंदननं, हॉलमध्ये चामड्याचा सोफा आणला. शेठ सोफ्यावर बसायचेच नाहीत. खालच्या सायीच्या रंगाच्या गालिच्यावर मांडी घालून, सोफ्याला पाठ टेकून बसायचे. एका दुपारी तिथंच बसले असताना त्यांच्या छातीत जळजळायला लागलं. नमितानं कोकम सरबत आणून दिलं. अर्धा ग्लास पोटात गेला, अर्धा गालिच्यावर, आणि शेठ बाजूला कलंडले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्या दिवशी कुंदनचा मला फोन आला. "ताई, बाराव्याला पाहुणे येणार. तेवढा डाग काढून द्या, अर्जंट." मी गेले, धुतला, डाग दिसेनासा झाला, मी निघून आले. कसा धुतला ते पुढं सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

खरी गंमत झाली अकराव्या रात्री. जिथं माणूस गेलं तिथं दिवा ठेवायचा, पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी पिठावर कुणाचं पाऊल दिसतं ते बघायचं, ही आपली जुनी रीत. चिमणीचं दिसलं तर चिमणीचा जन्म, गाईचं दिसलं तर गाईचा. माझ्या आजेसासऱ्यांच्या पिठावर मुंगळ्यांची रांग दिसली होती, तेव्हा घरच्यांनी एक शब्द न बोलता पीठ झाडून टाकलं. इथं शेठच्या बायकोनं, मालतीबाईंनी, तांदळाचं पीठ फरशीवर पसरलं नाही. शेठ गालिच्यावर गेले, म्हणून पीठही गालिच्यावर. सकाळी टोपली उचलली तर पांढऱ्या पिठावर निळसर ठसा. लांबट, आणि एका टोकाला चारपाच ठिपके.

सोमवारी त्या रांगेतून तासाभरानं मी हॉलमध्ये पोचले. ठशाभोवती रांगोळी, शेजारी समई, आणि सोफ्यावर, ज्या सोफ्यावर शेठ कधी बसले नाहीत, त्यावर वामनबुवा. पनवेलकडचे. भगवी कफनी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. बारावं झाल्यावर कुणीतरी त्यांना आणलं होतं आणि तेव्हापासून ते हललेच नव्हते.

"आत्मा म्हणजे काय?" बुवा विचारत होते. "एनर्जी. एनर्जी कुठं जाते? कुठंच जात नाही. लिक्विड होते. जमिनीतून वर येते. हे मी नाही म्हणत, परदेशातले लोक मशीन लावून बघतात. मशीन बंद पडतं."

लोकांनी माना हलवल्या. मशीन बंद पडतं हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

"माज्या मालकांचाच पाय हाय," मालतीबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे सुजलेले, कपाळावर बुवांनी दिलेल्या पुडीतला अंगारा. "चालीस वर्सा दाबलाय मी. मना वलकाया येनार नाय?"

चाळीस वर्षं ज्याचे पाय दाबले, त्याचं पाऊल दिसावं असं वाटणारच. त्यात त्यांचा काय दोष?

"पण पाऊल निळं का?" बुवांनी आवाज खाली आणला. "महादेवाचा कंठ निळा कशानं झाला?"

"जहरानं," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"मी नाही बोललो. तुम्ही बोललात." बुवांनी हात जोडले. "शेठ काहीतरी सांगतायत. शेवटचा घोट कुणाच्या हातचा होता?"

पन्नास डोकी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. नमिता तिथं उभी होती. तिच्या पदराला धरून तिची चार वर्षांची श्रुती.

बुवांनी निकाल द्यायची घाई केली नाही. त्यांनी परीक्षा जाहीर केली. गुरुवारी याच जागी नमितानं स्वतःच्या हातानं पुन्हा कोकम सरबत करायचं. बुवा त्यात अंगारा टाकणार. सरबत लाल राहिलं तर ती घरची लक्ष्मी. रंग फिरला तर तिनं वर्षभर माहेरी, उरणला जायचं, मुलगी इथंच राहील, आणि आत्मा शांत होईपर्यंत दर गुरुवारी या हॉलमध्ये बुवांची बैठक भरेल. कुंदन मान खाली घालून ऐकत होता. बाप गेला त्या दुपारी तो बाहेर होता आणि त्यानं नमिताचे दोन फोन उचलले नव्हते. अशा माणसाला दुसऱ्या कुणावर बोट गेलेलं बरंच वाटतं.

मला ठसा बघताक्षणी सगळं कळलं होतं. त्या दिवशी माझी चार घरं होती. मी घाईत बादलीभर पाणी ओतलं, भरपूर सोडा टाकून घासलं, मशीननं पाणी वरवर ओढून घेतलं आणि पंखा लावून निघाले. वरून गालिचा गोरापान, आणि खाली तागाच्या अस्तरात कोकम तसंच, ओलं. ओल्या गालिच्यावर पीठ पसरलं की पीठ पाणी वर ओढतं, समईची वात तेल ओढते तसं. पाण्याबरोबर रंगही येतो. आम्ही डाग काढायला हेच करतो. मालतीबाईंनी नकळत तो डाग माझ्यापेक्षा चांगला काढला होता.

हे मी तिथं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात शेजारच्या बाईनं मला ओळखलं. "तुमीच सोफे धुता ना? माझ्याकडं पण आहे, नंबर द्या ना." मागून आणखी दोघी वळल्या. त्यांच्यासमोर म्हणायचं होतं, हा चमत्कार नाही, माझं फसलेलं काम आहे. मी नंबर दिला. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. माझे गहू तर मीच झाकून ठेवले.

नमिता माझ्याकडे बघत होती. मी खुणेनं सांगितलं, फोन करते. केला नाही.

मंगळवारी झोप लागेना तेव्हा उठून जुन्या गालिच्याचा एक तुकडा काढला. त्यावर कोकम सांडलं, वाळू दिलं, मग त्या दिवशी धुतलं तस्संच वाईट धुतलं, ताटात ठेवून वर पीठ पसरलं आणि झाकण घातलं. गुरुवारी तो तुकडा ताटासकट पिशवीत घातला आणि निघाले. बरोबर सोड्याचा डबा, दोन लिंबं.

गुरुवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नमिता काचेचा ग्लास घेऊन आली. बुवांनी डोळे मिटून काही पुटपुटलं, पितळेची डबी उघडली, चिमूट कसली, चांगली मूठभर राखाडी पूड ग्लासात सोडली. सरबत फसफसलं. वर फेस आला, आणि फेस बसला तेव्हा लाल रंग जाऊन निळसर काळा आला होता.

मागच्या मागे बायका सरकल्या आणि नमिताभोवती हातभर जागा मोकळी झाली.

"मी काय नाय टाकला," नमिता म्हणाली. एकदाच म्हणाली, आणि तेही कुंदनकडे बघून. कुंदननं खिडकीकडे बघितलं.

"काकी," मी मालतीबाईंना म्हणाले, "आता एक ग्लास तुम्ही करा."

"कोन तुमी?" बुवा.

"मी हा गालिचा धुणारी. काकी, तुमच्या हातात तर काही खोट नाही ना? त्याच बरणीतलं, तुमच्या हातानं करा. आणि बुवांनी कपाळाला लावायला दिलेली अंगाऱ्याची पुडी आहे ना, ती आणा."

"देवाची परीक्षा घेतात का?" बुवांचा आवाज चढला.

"सुनेची घेतात, तर देवाची घ्यायला काय हरकत आहे?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं मला धीर आला. मालतीबाई उठल्या. का उठल्या देव जाणे, बहुतेक आपल्या हाताची खात्री होती म्हणून. सरबत करून आणलं. पुडीही आणली, ती मी त्यांच्याच हातात राहू दिली. "सगळी टाका."

फसफस. फेस. लाल गेला, निळसर काळा आला.

मालतीबाईंनी ग्लास असा धरला जणू तो त्यांना चावणार होता. मी लिंबू कापलं आणि पिळत राहिले. पुन्हा फेस आला, आणि सरबत हळूहळू परत लाल झालं.

"काकींनीही विष घातलं का आता? आणि लिंबानं ते उतरलं?" मी म्हणाले. "कोकमाचा रंगच असा. आंबट असलं की लाल, सोडा पडला की निळा. तुमच्यातल्या कुणी कोकमाचा डाग धुण्याच्या सोड्यानं धुतला असेल तर तो काळानिळा पडलेला बघितलाच असेल. या अंगाऱ्यात सोडा आहे. काकी, कपाळ बघा आरशात. चार दिवस चुणचुणतंय ना?"

मालतीबाईंचा हात आपसूक कपाळाकडे गेला. तिथं रुपयाएवढं लाल झालं होतं.

"आणि पाऊल?" गर्दीतून एकानं विचारलं.

मी पिशवीतून ताट काढलं, झाकण उचललं. पिठावर निळसर ठसा. माझा ठसा बदकासारखा आला होता. "हा नेरूळला माझ्या घरी उमटलाय. माझ्याकडे कुणी वारलेलं नाही. बदकही नाही." मग जे सोमवारी बोलायचं होतं ते बोलले. पाणी जास्त ओतलं, अस्तर ओलं ठेवलं, सोडा बेसुमार वापरला, चूक माझी. "गालिचा नीट धुतला असता तर पाऊल उमटलं नसतं, आणि ही पोरगी इथं उभी नसती."

बुवा म्हणाले, विज्ञान जिथं संपतं तिथून आमचं सुरू होतं. म्हणाले, काही लोकांची दारंच बंद असतात. बोलत बोलत जिना उतरले. चपलांच्या ढिगात त्यांची जोडी सापडायला मात्र बराच वेळ लागला, तेवढा वेळ ते गप्प होते.

लोक पांगायला लागले. चमत्कार गेला याचं कुणाला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. तीनचार बायकांनी मला घेरलं, मग डाग काढायचा कसा म्हणून. मी सांगितलं. चोळायचं नाही. सांडल्या सांडल्या पांढऱ्या सुती फडक्यानं टिपून घ्यायचं. कोकम, जांभूळ असलं तर सोडा नको, पाण्यात थोडं लिंबू किंवा व्हिनेगर घालून कडेपासून मध्याकडे टिपायचं. पाणी कमी. शेवटी कोरडं पीठ नाहीतर मक्याची पावडर टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी ब्रशनं झाडायचं. एकीनं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. अर्ध्या तासापूर्वी ती नमितापासून हातभर मागे सरकली होती.

हॉल रिकामा झाला तेव्हा मालतीबाई अजून ग्लास धरून उभ्या होत्या.

"मंग त्यांना कोनी मारला?" त्यांनी विचारलं.

"मम्मी, कोणी नाय. हार्ट ॲटॅक होता," कुंदन म्हणाला. "पेपरवर लिवलंय डॉक्टरनी."

"मना तर पित्त वाटला."

मालतीबाईंनी हातातला ग्लास फिरवून बघितला.

"मीच बोलली ना हिला, पित्त झालाय, कोकम दे. ही बोलत व्हती, आई, रिक्षा बोलावते, घाम बघा किती आलाय. मी बोलली, बस, जरा वेल जाऊ दे. अर्धा तास." त्या नमिताकडे वळल्या. "तू का नाय सांगितलास कोनाला? पंदरा दिवस?"

"सांगून काय झाला असता, आई?" नमिता म्हणाली. "तुमी त्या जागेवर बसलेल्या व्हत्या. मना बघवलं नसतं."

डाग कशाचा ते मी सांगू शकत होते. अर्ध्या तासाचं काय करायचं, ते मला कुठं माहीत होतं? खरं सांगून मी त्या बाईचा हातचा आधार काढून घेतला होता. विष कुणीतरी घातलं, यात एक सोय होती. मालतीबाई ग्लास ओट्यावर ठेवून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"चला, टेन्शन संपलं," कुंदन म्हणाला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं म्हणून. "नमिता, ताईंना पाणी दे. पोरीला पण दे, सकाळपासून काय प्यायली नाय."

नमितानं दोन ग्लास आणले. एक मला दिला. दुसरा श्रुतीपुढे धरला. श्रुतीनं हात मागे घेतले. तीन दिवस तिला आईजवळ जेवू दिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. बुवांनी सांगितलं नव्हतं, घरच्यांनीच आपणहून, काळजी म्हणून.

"मम्मी, यात तू काय टाकलंस?" तिनं विचारलं.

"पानी हाय गं, बाला. नुसता पानी." नमितानं तिच्यासमोर अर्धं पिऊन दाखवलं. उरलेलं पुन्हा पुढे धरलं. श्रुतीनं मान हलवली आणि बापाच्या पायामागे गेली.

आता दोन महिने झाले. नमिता घरातच आहे, तिला कुणी काही म्हणत नाही. मालतीबाई गुरुवारी पनवेलला जातात, कुणाला विचारत नाहीत. श्रुती पाणी पिते ते बापाच्या हातचं. नमिता फोनवर म्हणाली, "लहान हाय, विसरंल ना ताई?" मी म्हटलं, विसरेल. मला काही माहीत नाही.

म्हणून हे लिहिलंय. छातीत जळजळलं, घाम फुटला, हात जड झाला तर पित्त म्हणून बसून राहू नका, मिळेल ती गाडी बोलवा. माणूस कशानं गेलं ते डॉक्टरांच्या कागदावर वाचा, पिठावर शोधू नका. रंग फिरला की कशानं फिरला ते विचारा, आणि दुसऱ्याच्या हातानं, दुसऱ्या ग्लासात पुन्हा करून बघा. हे करायला फार शिकलेलं असावं लागत नाही, मी दहावी नापास आहे. आणि ज्याला खरं ठाऊक असेल त्यानं त्याच दिवशी, तिथंच बोलावं, भले स्वतःची चूक उघडी पडो. मला सोमवारी कळलं होतं. मी गुरुवारी बोलले. तेवढ्यात एका पोरीनं आईच्या हातचं पाणी सोडलं.